गेट कोणी लावलं

यवतमाळ जिल्ह्यात पांढरं म्हणून जे जे काही आहे, ते आमच्या मामांच्या चिमटीतून एकदा तरी गेलेलं आहे, असं मी म्हटलं तर पांढरकवड्यात कोणी नाही म्हणणार नाही. मामा सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. बैलबंडीतला चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, धागा उजेडाकडे करून पाहायचा आणि एकच शब्द बोलायचा, 'सुपर', 'मध्यम' किंवा 'कवडी', ही त्यांची तीस वर्षांची नोकरी. निवृत्तीनंतर विसरण्याचा आजार लागला, तेव्हा आधी गावांची नावं गेली, मग मामी वारल्याचं त्यांच्या लक्षातून गेलं, मग मी कोण तेही गेलं. चिमूट मात्र शाबूत राहिली. उशी उसवून ते तिची प्रत ठरवत. निरांजनातली वात त्यांनी दोनदा 'ओली हाय' म्हणून परत पाठवली. माझ्या दाढीचे खुंट ओढून एकदा म्हणाले, "सफेदी चांगली हाय बुवा, लांबी नाही." यवतमाळच्या डॉक्टरांनी सुई टोचायला बोळा काढला, तो त्यांच्या हातून घेऊन मामा थेट खिडकीशी गेले आणि विचारते झाले, "सुपर हाय. कोण्या गावचा माल?" डॉक्टरांनी मुकाट्याने 'मारेगावचा' असं सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, औषधानं फार काही होणार नाही. पण यांच्या हाताला काम आणि पायाला मोकळीक ठेवा, आणि यांच्याशी वाद घालू नका. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

रोज सकाळी आठला मामा टोपी घालून जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटकडे निघत; खरेदी केंद्र तिथंच भरे. वाट हायवेवरून. एकदा त्यांनी कापसाचा भरला ट्रक हात दाखवून थांबवला. ड्रायव्हर भला होता. त्यानं ताडपत्रीखालून मूठभर कापूस काढून दिला, 'मध्यम' ऐकून घेतलं आणि मामांना कॅबिनमध्ये बसवून घरी आणून सोडलं. पुढे मी मामांच्या खोलीला बाहेरून कडी लावू लागलो, तेव्हा चार लोकांना हाच ट्रक सांगत असे. ट्रकची भीती खोटी नव्हती. पण कडी त्यामुळे लागली नाही, हे आज लिहून टाकतो. माझ्या मुलीला पाहायला लोक आले होते. बायकोनं बशीत सोनपापडी मांडली. मामा आतून आले, मुलाच्या वडिलांच्या हातातला तुकडा त्यांनी अलगद काढून घेतला, अंगठ्यांत धरून ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धागा लांब हाय, पण भेसळ हाय." पाहुणे हसले. लग्नही जमलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी कडी बसवून घेतली. बाप लवकर गेला म्हणून याच मामांनी मला वाढवलं होतं. कितीही मस्ती केली तरी मला त्यांनी कधी कोंडलं नव्हतं.

आठव्या दिवशी केंद्रावरचा एक जुना हमाल दारात आला. साहेब दिसले नाहीत म्हणून आलो, म्हणाला. मी 'त्यांना बरं नाही' वगैरे सुरू केलं, पण त्याची नजर कडीवर गेलेली होती. उघडावीच लागली. आत मामांनी माझ्या लग्नात सासरहून आलेली गादी फाडून कापसाचे तीन ढीग लावले होते. सुपरचा ढीग अगदीच लहान होता, याचं माझ्या बायकोला अजून वाईट वाटतं. मामा घामाघूम झालेले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "गेट काहून लावलं? लोकं बंड्या घेऊन उभे असतीन बाहीर."

त्या वर्षी भाव पडलेला, केंद्रं उशिरा उघडत, आणि बंड्या खरोखरच तीन-तीन दिवस रस्त्यावर उभ्या राहत. स्वतःला कोंडलंय हे मामांच्या मनातही नव्हतं. त्यांना बाहेरच्यांची काळजी. हमाल मामांना टोपी घालता घालता एवढंच म्हणाला, "साहेब आपल्याले इसरले असतीन. आपण त्याइले कायले इसराचं?"

मी कडी काढली. रोज आठला मीच त्यांना जिनिंगवर नेऊ लागलो. हमालांनी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दिली, आणि दुपारी त्यांच्यातलाच कोणी घरी पोचवून देई. आत जाण्याआधी लोक त्यांच्यापुढे चिमूटभर कापूस धरत. खरी प्रत आतला साहेब लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण भाव कोणाच्याच हातात नव्हता तेव्हा कोणीतरी 'सुपर' म्हटलेलं लोकांना ऐकायचं असे. माझी ओळख मामा सगळ्यांना एकच करून देत: हा गेट उघडणारा माणूस.

शेवटच्या हंगामात एका सकाळी, बंड्या यायच्या आधी, मी त्यांना सांगितलं, "मामा, गेट मीच लावलं होतं."

त्यांनी हात पुढे केला, माझ्या दाढीचे चार केस दोन्ही अंगठ्यांत धरले, हळूच ओढले, आणि माझी हनुवटी उजेडाकडे वळवून पाहिली.

"मध्यम," म्हणाले.

तीस वर्षांत त्यांनी लावलेली प्रत चुकल्याचं पांढरकवड्यात कोणी सांगत नाही.