भद्रावतीहून आणलेला बाण

मीने, ये, जवळ बस. बसता येत नसेल तर हा कागद तरी जवळ धर. "आई, यंत्र पोचलं, मस्त आहे," एवढं बोलून फोन ठेवून दिलास, हे काय वागणं झालं? यंत्र काय आपल्या पायानं चालत आलं? ते आणायला तुझी आई आपल्या सावली गावाहून चंद्रपूर, तिथून भद्रावती अशी फिरली. फिरून आलेल्या माणसाला कुणीतरी विचारावं लागतं, काय पाहिलं म्हणून. या घरात विचारणारं कुणी नाही. तेव्हा आता सगळं ऐक.

तू त्या बिनइंजिनाच्या विमानातून वाट चुकून कुणाच्या तरी कापल्या ज्वारीच्या रानात उतरलीस, ते मला हसत सांगितलंस. मी हसले नाही. उन्हानं मोबाईल तापून बंद पडला आणि खालचं गाव कोणतं ते तुला कळेना, यात हसण्यासारखं काय होतं? "नवा जीपीएस परवडत नाही आई, तिकडे जंगलात मोजणी करणाऱ्यांकडे जुने असतात, बघ ना," असं तूच म्हणालीस. वर अटी घातल्यास. भर उन्हात दिसलं पाहिजे, हातमोजे घालून दाबता आलं पाहिजे, पेन्सिल सेलवर चाललं पाहिजे, उंची सांगितली पाहिजे. मी सगळं कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं आणि ते पान फाडून पिशवीत टाकलं.

पहाटेची एसटी धरली. धान कापून झालेलं, बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) रिकाम्या पडलेल्या. मूल गाव सोडलं की सागाचं जंगल लागतं. शेजारची जागा चंद्रपूरपर्यंत रिकामी होती. मी तिच्यावर पिशवी ठेवली, म्हणजे कुणाची तरी वाट पाहते आहे असं वाटावं.

चंद्रपुरात स्टँडबाहेर आलुबोंडा आणि झणझणीत रस्सा खाल्ला. मग ऑटोनं एका दुकानात गेले. दुकानदारानं मोठ्या रंगीत काचेचं यंत्र पुढं केलं. बोट फिरवलं की नकाशा सरकायचा. मी म्हटलं, "भाऊ, हे जरा उन्हात नेऊन पाहू?"

"उन्हात काऊन, बाई? इथी एसी आहे ना."

"माझी पोरगी एसीत नाई उडत."

बाहेर आणलं तर काच आरशासारखी झाली. माझंच तोंड दिसलं त्यात. मग मी थंडीतले लोकरी हातमोजे काढले, मुद्दाम नेले होते. ते घालून बोट फिरवलं, नकाशा जागचा हलेना. दुकानदार हसायला लागला. "आजी, तुमी घेता का परीक्षा घेता?" पण माणूस वाईट नव्हता. त्यानंच भद्रावतीच्या एका निवृत्त मोजणीदाराचा पत्ता दिला.

भद्रावतीत ते मोजणीदारभाऊ फाटकाशीच उभे होते. घर नीटनेटकं, खुर्च्या चार, वापरातली एकच. बाकीच्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, असं त्यांनी न विचारता सांगितलं. मीही सांगितलं, माझंही तसंच. मग त्यांनी एका खुर्चीवरचा गठ्ठा उचलला.

त्यांचं यंत्र साबणाच्या वडीएवढं, करड्या रंगाचं, रबरी बटणांचं. काळीपांढरी काच उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसे. हातमोजे घालून दाबलं, दाबलं गेलं. पेन्सिल सेल दोन. उंचीही आली. मला वाटलं, झालं काम. त्यांनी बटण दाबून फाटकाची जागा यंत्रात नोंदवली, मला घरासमोरच्या मैदानाच्या टोकाला नेलं आणि म्हणाले, "आता बाण पाहा. घर दाखवन तो."

मी पाहिलं. बाण इकडे फिरला, तिकडे फिरला. घर समोर दिसत होतं आणि बाण भलतीकडे.

"भाऊ, हे तर भरकटून राह्यलं!" माझा आवाजच चढला. "याच्या भरवशावर मी पोरीले आभायात सोडू?"

"रागावू नोका, बाई. तुमी उभ्या आहा ना. चाला जरा."

दहा पावलं चालले. बाण सरळ झाला आणि घराकडे रोखून राहिला. थांबले, पुन्हा भिरभिरला.

"सादं यंत्र आहे. चालत्या माणसाले दिशा सांगते," ते म्हणाले. "उभ्याले नाई सांगत. तुमच्या पोरीचं विमान हवेत उभं राह्यते का?"

"नाई."

"मंग?"

यंत्रात त्यांच्या नोकरीतल्या जागा भरलेल्या होत्या. नाले, बोड्या (शेताजवळची लहान तळी), जंगलातले दगड. त्या पुसून देतो म्हणाले. एकदम पुसायचं बटण होतं, त्यांनीच सांगितलं. पण ते एकेक नाव मोठ्यानं वाचत, जरा थांबत, मग पुसत. मी दोनदा चहा प्यायले. घाई करा, असं मला म्हणवेना.

परतीच्या गाडीत यंत्र खिडकीशी धरून बसले. कंडक्टर वाकून म्हणाला, "बाई, हे आमची गाडी केव्हा पोचन ते सांगते का? सांगत असन तर आमालेच द्या." दाट सागात यंत्राचं आभाळ हरवलं, उघड्यावर परत सापडलं. वर तुला झाडं आडवी येणार नाहीत, एवढं समाधान.

पण मोजणीदाराच्या शब्दावर मी तुला कशी सोडू? आपण तळ्यावरची माणसं. तुझे बाबा पाण्यातली जागा कशी धरत, ठाऊक आहे तुला. देवळाचा कळस मोहाच्या झाडाच्या फटीत यायला हवा आणि गिरणीचं धुराडं घाटाच्या पायरीवर. दोन्ही जुळलं की तिथं जाळं. ती जागा आपल्यात कुणाला सांगत नाहीत, बोटसुद्धा दाखवत नाहीत. ते गेल्यावर मी तिकडे डोंगा (अरुंद होडी) नेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी नेला. कळस जुळवला, धुराडं जुळवलं आणि बटण दाबलं. सगळं पुसलेल्या यंत्रात पहिला आकडा पडला, एक.

तिसऱ्या दिवशी घाटावरून निघाले ती मान खाली घालून, फक्त बाण पाहत. यंत्रानं पोचलो म्हटल्यावर वल्हं थांबवलं आणि वर पाहिलं. कळस फटीत होता. धुराडं पायरीवर. फरक असेल तर डोंग्याच्या दोन लांबींचा. मी तिथं बराच वेळ बसून राहिले. डोंगा थांबला तसा बाणही भिरभिरायला लागला. मग तुझ्यासाठी यंत्र गुंडाळलं, पण जागा पुसायची विसरले.

आणि तू फोनवर काय विचारलंस? "आई, यात एक नंबरला तळ्याच्या मधोमध काहीतरी आहे. पुसू का?"

पुसू नकोस. ती तुझ्या बाबांची जागा आहे. पिढ्यानपिढ्या जी कुणाला सांगितली नाही, ती मी यंत्राला सांगून बसले. तू दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस.

इथं अंगणात उभी राहून मी रस्त्याकडे पाहते. तिकडे तूही खोलीत यंत्र धरून नुसती उभी राहशील तर बाण भिरभिरतच राहील, मीने. पिशवी भर, गाडीत बस, मग बघ कसा सरळ होतो ते. डोंग्यातलं पाणी मी उपसून ठेवलं आहे. लवकर ये.