ट्रंकेवरचा रुमाल

मॅट्रिक झाल्यावर मला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं आणि आबांचं मन होत नव्हतं. पारनेरजवळच्या आमच्या वस्तीवरून तोवर कुणी मुलगासुद्धा कॉलेजात गेला नव्हता. आबांना काळजी खर्चाची नव्हती, माझ्या हातांची होती. शिकलेल्या मुलीचे हात कामातून जातात, असं माझ्या वडिलांनी कुठून तरी ऐकलं होतं.

नगरच्या शाळेतल्या आमच्या बाईंनी यावर तोड काढली. "चहाच्या टेबलावरचा एक रुमाल भर. मी स्वतः चहाला येते. वडिलांना दाखवू तुझे हात."

आमच्याकडे टेबल नव्हतं. चहा आम्ही जमिनीवर बसून, पितळीत ओतून प्यायचो. तरी मी आबांच्या जुन्या धोतराचा चौकोन कापला आणि चारी कोपऱ्यांत गुलाब भरायला घेतले. कापड लाकडी रिंगणात ताणून धरायचं, मांडीवर ठेवून भरायचं नाही, हा बाईंचा पहिला नियम. रिंगण नवशिक्यांसाठी असतं, हे माझं मत. ते कशावरून झालं होतं, देव जाणे.

युद्धाचे दिवस होते. कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून बाई धुरकटून आल्या, तेव्हा ओसरीवर पत्र्याची ट्रंक मांडून तिच्यावर मी रुमाल पसरला होता आणि त्यावर शेजारून मागून आणलेले तीन कप. शेवटच्या कोपऱ्यातलं एक पान तेवढं राहिलं होतं. मी घाईनं उठू लागले, तर बाई म्हणाल्या, "बस, बस. पुरं कर. त्यांना बघू दे."

आई चहा ओतू लागली. मी कोपरा मांडीवर ओढला आणि आबांच्या देखत मोठ्या ऐटीत टाके घातले.

"हे कसलं फूल म्हनायचं?" आबांनी विचारलं.

"गुलाब."

"असं व्हय. मला कांदा वाटला."

बाईंनी घाईघाईनं कप तोंडाला लावला. मी दातांनी दोरा तोडला.

"आता बाईंच्या पाया पड," आई म्हणाली.

मी उठले. माझ्याबरोबर रुमाल उठला आणि रुमालाबरोबर उरलेले दोन कप. चहा सगळा आबांच्या धोतरावर. पानाचा एकेक टाका मी रुमालातून आरपार माझ्या लुगड्यात घातला होता. लाजून घरात पळाले, तर रुमालही मागोमाग आला.

आई कात्री घेऊन आली. बाई दारातून हळूच म्हणाल्या, "तीन वर्षं सांगतेय, रिंगण घे." माझ्यापुरतं पुणं तिथंच बुडालं होतं.

बाहेर आबा ओलं धोतर पिळत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रागानं.

"बाई," ते म्हणाले, "शिकून हिचे हात बिघडतील म्हनून मी भ्यालो हुतो. आता भ्यायला ऱ्हायलंय काय? घिऊन जावा पुन्याला."

अशी मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. तो रुमाल आज माझ्या खऱ्याखुऱ्या टेबलावर असतो. शेवटच्या पानाखाली लुगड्याचा बोटभर तुकडा अजून शिवलेला आहे. आईनं टाके उसवायचं सोडून लुगडंच कातरलं होतं. "टाके मात्र पक्के घातलेस," ती म्हणाली होती. माझ्या भरतकामाचं घरात झालेलं कौतुक ते एवढंच.