थेरेसाच्या लपवायच्या जागा

पासष्टी उलटलेल्या नवरा-बायकोने स्कूटरवर बसून डबे लपवत हिंडावं, हे नंदाखाल गावात कोणाला पटण्यासारखं नव्हतं. पण ऑस्कर आणि थेरेसा तुस्कानो हिंडत होते, आणि त्यांना त्याची काडीची लाज वाटत नव्हती.

हे खूळ घरात आणलं त्यांच्या लेकीने. एलिसा कॅनडाहून सुट्टीला आली तेव्हा तिने हा खेळ शिकवला. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुठेतरी एक छोटा डबा लपवायचा, आत एक कागद ठेवायचा आणि जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलच्या ॲपवर टाकायचे. मग ज्याला हौस असेल त्याने यावं, डबा शोधावा, कागदावर नाव लिहावं आणि डबा होता तसा ठेवून जावं. शेजारचा क्लिफर्ड विचारायचा, "मग मिळतं काय तुमाला?" ऑस्कर म्हणायचा, "डबा." क्लिफर्ड कपाळाला हात लावून आपल्या वाडीत पाणी सोडायला निघून जायचा.

ऑस्कर शोधण्यात पटाईत होता. जन्मभर मुंबईच्या एका कंपनीत नकाशे काढलेला माणूस, त्याची नजर कुठे काय वेगळं आहे ते टिपायची. पण लपवण्यात थेरेसाचा हात धरणारा कोणी नव्हता. प्राथमिक शाळेत तीस-एक वर्षं पोरांच्या खोड्या पकडण्यात गेल्यामुळे असेल, माणूस कुठे बघणार नाही हे तिला बरोबर कळायचं. जवळच्या पडक्या किल्ल्यात डबा लपवणाऱ्यांना ती हसायची. "तिथे कोनपन लपवेल. त्यात काय अक्कल लागते?"

तिने डबा लपवला बावखलावर, म्हणजे वाडीच्या जुन्या तळ्यावर झुकलेल्या फांदीला लटकणाऱ्या सुगरणीच्या सोडून दिलेल्या घरट्यात. नायगावच्या खाडीकडे एका भिंतीला तिने चक्क पाण्याचा खोटा नळ बसवला, नळ पिळला की आतून नळकांडी बाहेर यायची. आणि पापडीच्या एका तिठ्यावर तर तिने कमाल केली. करवंटीत डबी घातली, वर हळदकुंकू टाकलं, शेजारी लिंबू ठेवलं. कोणीतरी उतारा टाकलाय म्हणून ख्रिस्ती काय, हिंदू काय, सगळे वळसा घालून जायचे. पुण्याहून खास आलेली दोन तरुण मुलं लांबूनच नमस्कार करून परत गेली. थेरेसा त्या रात्री हसून हसून जेवली नाही. फादरना कळलं तेव्हा त्यांनी चर्चमधल्या मिस्सानंतर तिला बाजूला घेऊन कान उपटले, तेव्हा कुठे तो उतारा उचलला गेला.

असे दिवस होते. आता त्या दिवसांकडे बघितलं की ऑस्करला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं, कारण पुढे जे झालं ते त्या हसण्यातच दडलं होतं आणि त्याला ते दिसलं नाही.

सुरुवात किल्लीने झाली. घराची किल्ली दोन दिवस सापडेना. शेवटी तांदळाच्या डब्यात, तळाशी, ऑस्करच्या हाताला लागली. तो नाचतच स्वयंपाकघरातून बाहेर आला. "सापडली! काखेत कळसा नि गावाला वळसा! आता घरातसुद्धा सुरू केलंस का?" थेरेसाने किल्लीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि हसली. ते हसणं कसलं होतं, हे त्याने तेव्हा विचारलं नाही.

मग चष्मा सोनचाफ्याच्या कुंडीत सापडला. मग कानातली मसाल्याच्या बरणीत. टीव्हीचा रिमोट पीठ मळायच्या परातीखाली. ऑस्करला चेव चढला. सकाळी उठला की तो आधी बघायचा आज काय गायब आहे, आणि मग मिशीवर हात फिरवत घरभर हिंडायचा. "कुठे ठेवलंस?" असं त्याने विचारलं की थेरेसा म्हणायची, "मला नाय माहीत." यावर तर तो फिदाच होता. लपवणाऱ्याने ओठ शिवून बसावं, हा तर खेळाचा धर्म. तो फोटो काढून एलिसाला पाठवायचा, खाली लिहायचा, "मम्मी फुल फॉर्मात." तिकडून हसरे चेहरे यायचे.

एकदा ती चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला निघाली होती आणि तिला तिची रोझरीची माळ सापडेना. कपाट उपसलं, गाद्या उलटल्या, आणि शेवटी ती पलंगाच्या कडेला बसून रडायला लागली. "ऑस्कर, मला काय झालंय? मला काहीच कसं आठवत नाय?"

ऑस्करने टाळ्या वाजवल्या. "वा! काय ॲक्टिंग आहे! टीचर, तुम्ही नाटकात जायला हवं होतं."

ती रडायची थांबली. त्यानंतर तिने त्याला पुन्हा कधी काही विचारलं नाही.

वर्षभर हा माणूस खेळत राहिला. पुढे ती भात गॅसवर ठेवून शाळेत शिकवायला म्हणून निघाली, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर, तेव्हा त्याचे डोळे उघडले. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, प्रश्न विचारले. थेरेसाला साल कुठलं चाललंय ते सांगता आलं नाही. डॉक्टर चांगला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला, "आधी आणलं असतंत तर थोडं सावरून धरता आलं असतं. घरात वस्तू हरवायला लागल्या तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?" ऑस्कर काय सांगणार? की साहेब, मला वाटलं माझी बायको खेळतेय? बैल गेला नि झोपा केला, असल्या माणसासाठीच ही म्हण झाली असावी. कॅनडाला फोन लावला तेव्हा एलिसाने त्याला दोष दिला नाही. तीही हसरे चेहरेच पाठवत होती ना.

मग त्याने डोळ्यांत तेल घालून तिची राखण सुरू केली. दाराला वर कडी लावली. स्कूटर विकून टाकली. मोबाईलमधलं ते ॲप काढून टाकलं. थेरेसा दिवसभर ओटीवर बसून पदराची घडी घालायची, मोडायची. कधी ऑस्करला ओळखायची, कधी कोणीतरी सज्जन गृहस्थ आलाय म्हणून त्याला बसायला सांगायची. त्याने ती ओळखेल ते दिवस मोजणंही सोडून दिलं, कारण मोजायला फारसे उरत नव्हते.

परवाच्या शनिवारी दुपारी क्लिफर्डच्या पंपाला काय झालं ते बघायला ऑस्कर कुंपणापर्यंत गेला. कडी लावायची राहून गेली. परत आला तेव्हा ओटी रिकामी होती.

आधी त्याने घर पालथं घातलं, मग गल्लीत हाका मारल्या, मग क्लिफर्डने गावाला गोळा केलं. चर्चच्या भोंग्यावरून सांगितलं, थेरेसा टीचर घरून निघाल्या आहेत, कोणाला दिसल्या तर कळवा. कोणी आगाशीच्या रस्त्याला गेलं, कोणी निर्मळच्या तळ्यावर. ऑस्कर बावखलाच्या काठाकाठाने पाण्यात डोकावत फिरला आणि प्रत्येक वेळी पाण्यात काही दिसलं नाही म्हणून देवाचे आभार मानत राहिला. "थेरेसा! थेरेसा!" सगळी वाडी दुमदुमली. उत्तर नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो क्लिफर्डच्या केळीत तिसऱ्यांदा शिरला आणि थांबला. दोन केळींच्या मध्ये सुक्या पानांचा ढीग होता. वाडीत सुकी पानं कुठे नसतात? पण ही पानं पडलेली नव्हती, मांडलेली होती. सगळ्यांचे देठ एका बाजूला. थेरेसाची लपवण्यातली ही एकच खोड, नीटनेटकेपणा. ऑस्करने पानं बाजूला केली.

ती आत उकिडवी बसली होती. पाणी सोडलेल्या मातीत तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं, हातांवर मुंग्या चढल्या होत्या. ऑस्करला बघताच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! बाजूला व्हा ना. तुमच्यामुळं दिसेल त्याला."

"कोणाला, थेरेसा?"

"आमच्या ऑस्करला. तो शोधतोय मला. हाका मारतोय, ऐकलं नाय? मी ओ देनार नाय."

ऑस्कर चिखलात गुडघे टेकून बसला. "मीच ऑस्कर. सापडलीस तू मला. चल घरी."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाहुण्याच्या गमतीला हसावं तशी हसली. "तुमी? तुमी लई चांगले आहात. पन ऑस्कर आल्याशिवाय मी उठनार नाय. तो शोधतो बरोबर. त्याच्यासारखं कोन शोधत नाय."

त्याने तिचा दंड धरला तशी ती किंचाळली. क्लिफर्ड धावत आला आणि दोन पावलांवर थबकला. ऑस्करने हात सोडला. तिला उचलून नेता आलं असतं, दोघे होते ते. पण ती ओरडत, हात झाडत, परक्या माणसांनी पळवल्यासारखी गावातून गेली असती. तो तिच्या हातावरच्या मुंग्या एकेक करून झाडत राहिला. ते तिने करू दिलं.

शेवटी तो म्हणाला, "बाई, मला ऑस्करनेच पाठवलंय."

"तो का नाय आला?"

"आला होता. पुष्कळ शोधलं त्याने." ऑस्करने तिच्या मनगटावरची शेवटची मुंगी झाडली. "त्याला नाही सापडलीस तू. हरलो म्हणाला. बोलावलंय तुला."

तिचा चेहरा उतरला. जिंकल्यावर टाळी मागणारी बाई ती, पण आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असं कसं? त्याला मी सापडते."

"यावेळी नाही सापडलीस."

तिने बाजूला केलेल्या पानांवरून हात फिरवला. मग तिने एका अनोळखी माणसाच्या हातात द्यावा तसा जपून आपला हात ऑस्करच्या हातात दिला आणि उठली. वाडीतून बाहेर पडताना ती त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाली, "घरी गेल्यावर त्याला काय बोलू नका हं. मनाला लावून घेतो तो."

"नाही बोलणार," ऑस्कर म्हणाला.