वेगळ्या जातीचं रोप

बियाणं तपासणाऱ्या साहेबांचा मी ड्रायव्हर. शंकर नगरच्या ऑफिसातून निघून ते धानाच्या शेतात उतरले की बूट गळ्यात अडकवत. वेगळ्या जातीचं रोप दिसलं की "माफ कर बाई," म्हणून उपटत.

एकदा गावातल्या बायकांच्या गटाचं शेत, वेगळी रोपं जास्त निघाली म्हणून, त्यांनी नापास केलं. आता ते धान बियाणं म्हणून विकता येणार नव्हतं. तरी साहेब त्यांच्याकडेच जेवायला बसले. बायका रागानं वाढत होत्या.

"शेत नापास झालं भैया, भाजी नाही," मला म्हणत साहेबांनी पुन्हा भाजी घेतली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते बायकांसोबत दिवसभर वेगळी रोपं उपटत राहिले.

"आता पास करून टाका, साहेब," बायका म्हणाल्या.

"मीच रोपं उपटली, मीच पास करू? काहून?"

फेरतपासणीला त्यांनी दुसऱ्या साहेबांना पाठवलं. पास झाल्याचा फोन आला तेव्हा चार वाजले होते. मग आमच्या साहेबांनी दुपारपासून तसाच ठेवलेला डबा उघडला.