टिटवाळ्याच्या आघाडीवर

युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात मी ठाण्यातल्या खुर्चीवर बसून शत्रूची तीन शहरं जिंकली आणि चौथं जेवणानंतर घ्यायचं ठरवलं. बातम्यांच्या चॅनेलवर खालच्या पट्टीतली वाक्यं लिहिणं हे माझं काम. लहानपणापासून मारलेल्या थापांना शेवटी पगार सुरू झाला होता. बुधवारी मी शत्रूचं अख्खं बंदर पेटवलं. संपादकसाहेब खूश. म्हणाले, "आता एक वीरमाता आण. आनंदाश्रू हवेत."

म्हणून मी आणि कॅमेरामन सुहास गाडी घेऊन आघाडीवर निघालो. आघाडी म्हणजे टिटवाळा.

पहिली चकमक कल्याणात, दुर्गाडीजवळ. गाडीवरची प्रक्षेपणाची तबकडी जवानांना वंदन करणाऱ्या फलकात अडकली. फलकावर इथले पुढारी भाऊ वीस फुटी, जवान काडेपेटीएवढे. सोडवताना भाऊंचं नाक फाटलं.

"काय ओ, देशाचा अपमान केलात," एक रिक्षावाला म्हणाला.

"देश खाली कोपऱ्यात आहे," सुहास म्हणाला. "तो शाबूत आहे."

पुढे टिटवाळ्यापर्यंत नव्या इमारती इतक्या दाट, की शत्रूचा रणगाडा आला असता तर त्यालाही कोणीतरी वन बीएचके विकला असता.

सावंतकाकू तिसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगा नीलेश नौदलात. चार दिवस त्याचा फोन नव्हता. पडद्यावर माझं बंदर जळत होतं.

"बरं झालं आलात. तुम्ही बातमीतली माणसं. हे पेटलं तेव्हा नीलेशची बोट कुठे होती?"

"काकू, विजय फार मोठा आहे."

"असेल हो. पण आपण एवढं पेटवलं, तर त्यांनीही काही फेकलं असेलच ना? कालपासून घास उतरत नाही मला."

माझ्यापाशी त्या क्षणी पन्नासेक थापा तयार होत्या. एकही बाहेर येईना.

"ती आग मानपाडा रोडची आहे, काकू. एका कारखान्याची, जुनी. बंदराचं मला काहीच ठाऊक नाही. ते मीच लिहिलंय."

काकूंनी पडद्याकडे बोट केलं. "म्हणजे ही आपली डोंबिवली?"

"हो."

आणि त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुहासचा कॅमेरा सवयीने चालूच होता.

मग त्यांनी आंबोळ्या (तांदूळ-उडदाचे जाडसर घावन) घातल्या. मी अकरा खाल्ल्या. सुहास चार म्हणतो, पण लिहितोय मी.

"आता हेच कॅमेऱ्यासमोर बोला," काकू म्हणाल्या. "खालच्या पाटलांचा मुलगाही तिकडेच आहे. त्यांच्याकडेही चूल पेटलेली नाही."

मी बोललो. सगळं बोललो.

ठाण्यात संपादकसाहेबांनी माझं बोलणं कापलं, काकूंचं हसू ठेवलं. "अश्रूंपेक्षा भारी आहे हे. पट्टी लिही." मी लिहिली: 'शत्रूचं बंदर खाक, वीरमातेला हसू आवरेना.'

संध्याकाळी काकूंचा फोन आला. नीलेश बोलला होता, सुखरूप होता.

"त्याने मला टीव्हीवर बघितलं. विचारतो, आई, तिकडे माणसं जळतायत आणि तू हसतेस?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. त्याला पटलं नाही. म्हणतो, चॅनेलवाला असं स्वतःहून सांगेल होय?"

घरी येऊन बायकोला सगळा प्रवास ऐकवला. कबुलीजबाबापाशी तीही हसली. "पुरे," म्हणाली. "थापा ऑफिसात."

अकरा आंबोळ्या मात्र तिला लगेच पटल्या.