भेवा, पण चाला

"भेवा ना भाऊ, खुशाल भेवा. पण चाला," असं म्हणत ती दाराबाहेरच्या तुमच्या चपला उचलायची आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवायची. 'घाबरू नका' हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. चरोद्यातल्या आमच्या मोहल्ल्याची ती मितानिन. छत्तीसगडात घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला हेच नाव आहे. मितानिन म्हणजे मैत्रीण. ही मूळची तुमसरकडची, म्हणून आमच्याशी मराठीत भांडायची. तुमच्याकडेही अशी एखादी असेल, आणि तिला पाहून तुम्हीही कधीतरी दाराआड झाला असाल.

मी तर न्हाणीत लपायचो. रेल्वेच्या यार्डात डबे जोडणारा गडी, अन् एका बाईला भिऊन साबण चोळत बसलेला! हसा तुम्ही. पण कारण हसण्यासारखं नव्हतं. बायकोला चौथा महिना होता आणि तिच्या रक्तात सिकलसेल निघाला होता. तिला स्वतःला काही त्रास नव्हता. पण तो माझ्याही रक्तात असला, तर बाळाला आजार होण्याची भीती होती. माझी तपासणी तेवढी राहिली होती.

आणि मला माझा धाकटा भाऊ आठवत होता. पिवळे डोळे, सुजलेले हात, हाडं दुखतात म्हणून भिंत धरून ओरडणं. "वातानं गेला," आई सांगायची. तो वात नव्हता, हे मितानिनीने भिंतीवर चिकटवलेलं सिकलसेलचं पत्रक वाचून मला कळलं होतं. मी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

एक दिवस ती न्हाणीबाहेर बादली उपडी घालून बसली.

"निघा भाऊ. पाणी सरन, मी नाही सरत."

"ड्युटी हाय मले."

"मले बी हाय. कावून पळून राहिले?"

आतूनच मी भावाचं सांगून टाकलं. बाहेरची बादली दाराजवळ सरकली. मग ती हळू म्हणाली, "मंग तं तुमाले माहीतच हाय. निस्तं नाव आयकाचं राहिलं."

मी ओल्या अंगानेच बाहेर आलो.

आरोग्य केंद्रात माझं रक्त नळीतल्या औषधात टाकलं. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर बरं. मी डोळे फाडून पाहिलं. एकही दिसली नाही.

मुलगी झाली. सहा महिन्यांची झाल्यावर तिचं रक्त मोठ्या दवाखान्यात गेलं. ते दिवस कसे काढले, विचारू नका. ती जरा जास्त रडली, तरी मी तिचे डोळे उघडून रंग बघायचो.

रिपोर्ट आणायला मितानिन गेली होती. दुपारी ती गल्लीच्या तोंडाशी दिसली, पण आमच्या दाराकडे आली नाही. नळावर थांबली. तोंड धुतलं. पदराने पुसलं आणि पुन्हा धुतलं. मला कळायचं ते कळलं. माझे पाय न्हाणीकडे वळत होते, खोटं कशाला सांगू?

मितानिनीला देवाघरी जाऊन आता दोन वर्षं झाली. मुलगी दुसरीत आहे, रोज गोळ्या घेते. वेळेत कळलं म्हणून आहे. ताप आला की अजून मी तिचे डोळे उघडून रंग बघतो. आणि मितानिन आठवली की मला ती त्या नळापाशीच दिसते. अख्ख्या मोहल्ल्याला हाताला धरून दवाखान्यात नेणारी बाई, तिला वीस पावलं टाकवत नव्हती. मग त्या दुपारी मीच गेलो. तिच्या हातातला कागद घेतला आणि म्हणालो, "सांगा मितानिन, आता पोरीचं काय काय कराचं?"