अवकाश संपला की माणूस येतोच

माझ्या मोबाईलविरुद्ध मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. परवा रविवारी सकाळी त्यानं मला कळवलं, ‘आज अवकाश’. भाच्यानं न विचारता त्याची भाषा हिंदी करून ठेवली, त्याचा हा प्रसाद.

संस्कृतात ज्याचा अर्थ मोकळी जागा, मराठीत ग्रहताऱ्यांमधली पोकळी, त्या शब्दाची हिंदीनं सरळ सुटी करून टाकावी... आणि तेही मी चहा पीत असताना! मनातल्या मनात मी निषेधाचा ठराव एकमतानं मंजूर केला.

मग चहा निवला. कारण या शब्दावरचा विनोद मी पूर्वी एकदा केलेला आहे... भर सभेत.

चौऱ्याऐंशी सालचा उन्हाळा. आपला माणूस नुकताच अंतराळात जाऊन आला होता, आणि रेडिओवर, पेपरात, पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. मी बावीस वर्षांचा, संस्कृत घेऊन बी.ए. झालेला, लाखांदूरहून एका साप्ताहिकाला बातम्या पाठवणारा. म्हणजे सर्वज्ञ.

कोंढ्याच्या मंडळींनी व्याख्यानाला बोलावलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं, ‘अवकाशातला माणूस राहतो कसा?’ एसटीची धूळ झटकत पोचलो, तर चिंचेच्या सावलीत अर्धं गाव बसलेलं.

मी सांगितलं, तिथं वर-खाली असं काही नसतंच. माणूस पिशवीत शिरून झोपतो आणि पिशवी भिंतीला बांधतो, नाहीतर झोपेत तरंगत भलतीकडे जाईल. पाणी सांडत नाही, त्याचा गोळा होऊन हवेत फिरतो. काम करताना पाय पट्ट्यात अडकवायचे, कारण स्क्रू पिळायला जावं तर स्क्रूऐवजी माणूसच फिरतो. आणि खालून कुणीतरी सतत त्यांच्याशी बोलत असतं, त्यांच्या छातीचे ठोकेसुद्धा मोजत असतं.

“म्हंजे धानाची रोवणी नाही जमाची तिथं,” मागून एक काकाजी म्हणाले. “मानूस वाकला का वरतेच जाईन!”

“अन् भाऊ, लोटा घेऊन कुठं जाते जी ते?” दुसऱ्यानं विचारलं. तेही मी सविस्तर सांगितलं... सभा माझ्या खिशात.

तेवढ्यात भागरताबाई उठली. तलावात मासे धरणाऱ्या घरातली, पन्नाशीची, विधवा. एकुलता एक मुलगा मध्यप्रदेशात लोखंडाच्या कारखान्यात. झिंग्यांची टोपली बाजूला ठेवून ती एक कागद घेऊन पुढे आली.

“भाऊ, माहा नामदेव बी अवकाशावर हाय म्हनते. कारखान्याची चिठ्ठी आली आज. लोखंडाचंच काम हाय त्याचं... यानात बसवलं असन का जी त्याले?”

मी कागद घेतला. पहिली ओळ : ‘आपका पुत्र अवकाश पर गया था’... आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. सुटीवर! श्लेष सापडला की संस्कृतवाल्याला पंगतीत जिलेबी दुसऱ्यांदा आल्यासारखं होतं. पुढचं वाचायला मी थांबलोच नाही.

कागदाची घडी करून तिला परत दिली आणि सभेकडे बघत म्हणालो, “काळजी करू नका माय. अवकाश संपला की माणूस येतोच. तोवर पिशवीत बांधून निजू द्या त्याला!”

लोक पोट धरून हसले. तीही थोडी हसली, हात जोडले. निघताना मला पळसाच्या पानात बांधलेले झिंगे मिळाले... ‘पेपरवाल्या भाऊसाठी’ ती ठेवून गेली होती.

‘सुटी’ हा शब्द मी उच्चारलाच नाही. विनोद समजावून सांगितला की मरतो ना!

दिवाळीनंतर लाखांदूरच्या स्टँडवर तिचा भाऊ लहानू भेटला. नामदेव आला का, मी सहज विचारलं.

“नाही जी. मी तं तवाच त्याले पाहाले जाऊन राहिलो होतो. बहीन म्हने, काहून जातं? पेपरवाले भाऊ सांगून गेले, संपला का येते. मंग रोवणी झाल्यावर गेलो... तं त्याच्या खोलीतला सोबतीबी काम सोडून गेलता. कोनाले इचारू?”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून तीच चिठ्ठी काढली, घड्यांवर फाटत आलेली. दुसरी ओळ मी त्या दिवशी प्रथम वाचली : ‘अवधि समाप्त होने के उपरांत भी कार्य पर अनुपस्थित है, कृपया सूचित करें.’

म्हणजे सुटी कधीच संपली होती. पोरगा कारखान्यात नव्हता, घरीही नव्हता. चिठ्ठी काही सांगत नव्हती, विचारत होती.

लहानूला तिथंच खरा अर्थ सांगितला. साप्ताहिकात दोनदा हरवल्याची चौकट छापली, उत्तर आलं नाही. भागरताबाईकडे मात्र गेलो नाही... कोंढ्याची बस पुढं कितीतरी वर्षं माझ्यासमोर लागत होती आणि सुटत होती. शेवटपर्यंत ती वाट बघत होती, असं नंतर कानावर आलं.

मोबाईलविरुद्धची तक्रार मी मागे घेतो. त्यानं निदान अर्थ तरी खरा सांगितला.

नामदेव माझ्यामुळे हरवला नाही, हे मला कळतं. पण त्या उन्हाळ्यापासून रोवणी संपेपर्यंत तो कुठंतरी होता, आणि माझ्या एका वाक्यावर विसंबून त्याला कुणी शोधलं नाही. शोधलं असतं तर सापडला असता का, हे मी स्वतःला इतकी वर्षं विचारतोय...

मला भीती वाटते, की सापडला असता.